गाणं एक, टिक तीन

मंडळी, आज सकाळी घरच्या घरी माझी विकेट गेली.

आमच्या इथल्या, सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या कार्यक्रमाचा फॉर्म मीच बनवलाय. त्यात 'गाण्याचा प्रकार' म्हणून भावगीत, लोकगीत आणि पाश्चात्य असे तीन रकाने आहेत. कोणताही एक निवडा. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने, सईने, तिन्हींवर टिक केलं. मी फॉर्म परत पाठवला. मुलगी माझी असली म्हणून काय झालं, नियम म्हणजे नियम!

ती फोन घेऊन थेट स्वयंपाकघरात आली आणि मला सुनवायला लागली. तिची लाडकी अमेरिकन गायिका स्वतःच गाणी लिहिते. सुरुवात तिने कंट्रीने, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांनी केली, मग रॅपकडे वळली, आता जॅझ मिसळते. दर वेळी लोक म्हणाले, आता ही संपली. दर वेळी तिचे ऐकणारे वाढले.

मी म्हटलं, "अगं, आधी एक काहीतरी धड कर."

"बाबा, तुम्ही शिकलात मेकॅनिकल, जॉब बँकेत, आणि संडेला ढोल वाजवता. विच बॉक्स, लाह?" शेवटचं 'लाह' अस्सल सिंगापुरी.

बायको कणीक मळायची थांबून हसत सुटली.

मग सईने गिटारवर गाणं ऐकवलं. हौगांगमधल्या आमच्या इमारतीखालच्या मार्केटवर तिनेच मराठीत लिहिलेलं. ठेका लावणीचा, मधेच रॅप. माझी बोटं कधी ओट्यावर ताल धरायला लागली, कळलंच नाही.

दुपारी मी तो प्रश्नच फॉर्ममधून काढून टाकला. पण निवेदनही माझ्याकडेच आहे! सई काय गाणार म्हणून सांगू? सुचवा.

आणि शिक्षण, नोकरी, छंद यांतले तुम्ही नेमके कोण, तेही लिहा. कोणताही एक निवडा!