फुकट वाटा, पण कोड मागू नका

आमच्या हिंगोलीत लायसन म्हणजे गाडीचं, नाहीतर दारूच्या दुकानाचं. फुकट वाटायच्या वस्तूलाही लायसन लागतं, हे मला पहिल्यांदा माझ्या दोस्तानं सांगितलं. तो वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरचा. माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला यायचा.

आम्ही दोघांनी मिळून मराठी टायपिंगच्या सरावाचा एक प्रोग्राम लिहिला होता. परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींना तो फुकट द्यायचा हे ठरलेलंच होतं. अडलं पुढं. आतला कोड, म्हणजे आम्ही लिहिलेल्या मूळ ओळी, लोकांना द्यायचा की नाही?

"देऊन टाकू. कुणी सुधारला तर बरंच हाय की," तो म्हणाला.

मी हटून बसलो. कुणीतरी आपली नावं खोडून स्वतःचं टाकेल, असं तावातावानं सांगत राहिलो. खरं कारण वेगळंच होतं. त्याला पुण्याची नोकरी लागली होती. कोड बंद राहिला तर दुरुस्तीला आम्हीच लागणार, आणि त्या निमित्तानं तरी तो येत राहील, अशी मला आशा होती.

"मला बांधून ठेवून राहिला व्हय रे?" म्हणत तो हसला, आणि लायसनच्या अटी त्यानंच टाइप केल्या. फुकट वापरा, फुकट वाटा, विकू नका, कोड मागू नका. चूक सापडली तर कळवा, आम्ही दोघं मिळून दुरुस्त करू.

वर आम्ही एक वेडेपणा केला. टायपिंगची वेळ मोजणाऱ्या घड्याळाचा कोड त्यानं लिहिलेला, तो त्यानं आपल्या फ्लॉपीवर नेला. बाकीचा माझ्याकडं राहिला. भाऊ शेत वाटून घेतात तशी वाटणी. "एकट्यानं कुणी हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. मला किती बरं वाटलं होतं!

काही महिन्यांनी पुसेगावच्या एका मास्तरांचा फोन आला. पहिलं बटण दाबायच्या आधीच घड्याळ पळायला लागतं, पोरांचा वेळ जातो. चूक निघाल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. लगेच एसटीडी बूथ गाठून त्याला कळवलं.

"दिवाळीला येतो, फ्लॉपी घेऊन."

दिवाळी गेली. मास्तरांना मी सांगत राहिलो, येऊन राहिला, येऊन राहिला. समोरच्या स्टँडवर पुण्याहून गाडी आली की क्लासच्या दारात जाऊन उभा राहायचो.

शेवटी त्याचाच फोन आला. "खोली बदलताना फ्लॉपी हरवली रे. घड्याळ तूच लिही नव्यानं. मला विचारू नको."

"बराबर हाय," मी म्हणालो.

घड्याळ एका दुपारी लिहून झालं. मास्तरांना नवी फ्लॉपी पाठवायच्या आधी अटींमधली शेवटची ओळ बदलायला हवी होती. 'आम्ही दोघं मिळून' यावर कर्सर नेला, आणि तसाच उठलो.

पुढं कुणी फोन केला की विचारायचं, "दुसरे सर कुठं असतात?"

"येऊन राहिलेत," मी म्हणायचो.