भाकरीच्या कागदातले पासवर्ड

"वैनी, उघडत नाय गं!" नणंद ओरडली नि मी पिठाच्या हातानंच धावले. कंप्युटरवर तिच्या नावाचा गोल, खाली पासवर्डची रिकामी पट्टी. मी 'नर्सबाय' ठोकलं, पण पुढचे चार आकडे? आठवंनात. तीनदा ठोकले, तीनदा चुकले. नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख आजच, नि तिचे सगळे कागद त्या गोलात अडकलेले! पोरगी कळंबच्या रिसॉर्टवरनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेली, एकला परत ड्युटी.

चूक माझीच. माझ्या चार वर्षांच्या लेकीनं खेळता खेळता कंप्युटरमधली आत्याची मार्कशीट पुसली होती. नशीब, झेरॉक्सवाल्याकडं सापडली. म्हणून आदल्या दिवशी मी मोबाईलवर व्हिडिओ लावून, थांबवत थांबवत, कंप्युटरवर घरातल्या चौघा मोठ्यांची चार वेगळी खाती केली. मी नववीतनं शाळा सोडलेली, एकेक बटन दोनदोनदा बघून दाबलं. सासू मागनं म्हणाली, "एका डब्याला चार कुलपं कशाला गं?" चौघांचे पासवर्ड मीच ठरवले नि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले. दूध, गॅस सगळं तिथंच लिहिते ना मी!

नि आज सकाळी लागली पहिली तारीख. महिना संपला की पान फाडायचं नि भाकरी त्यात गुंडाळायची, ही आमच्या घरची रीत. पान गेलं साजगावला, कारखान्यात, ह्यांच्या डब्यात.

ह्यांचा फोन लॉकरमधे. चहाच्या सुट्टीशिवाय हातात येत नाय. तोवर मी बारा वेळा लावला असंल. नणंद रडकुंडीला आलेली. मी फोन कानाला लावून घरभर येरझाऱ्या घालत होते. सासू म्हणाली, "ही नर्स होईल तवा होईल, आधी हिच्या वैनीलाच दवाखान्यात न्या."

अकराला फोन उचलला.

"अवो, भाकरी खाल्ली का?"

"आत्ता? चहा पितोय. काय झालं?"

"डबा उघडा! कागद टाकू नका, वाचा! आकडे वाचा!"

मी फोन स्पीकरवर टाकला. मागं चारपाच माणसं हसताना ऐकू येत होती. हे मोठ्यानं वाचायला लागले, "तेल लागलंय गं... हां, नर्सबाय, सात, तीन, तीन, नऊ."

उघडलं! नणंदेनं माझ्या गालाचा मुका घेतला नि धडाधड कागद चढवायला लागली. मी खाली फरशीवरच बसले. फोन ठेवायचा राहिलाच.

"आनि ह्यो खालचा कुनाचा?" ह्यांनी विचारलं. नि मोठ्यानं वाचूनच टाकला.

माझा होता तो. ह्यांचं नाव, पुढं एक.

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाय. मला वाटलं, बोटानं घेतलं तर कुठं मोजतात? तिकडं कारखान्यात नुसता कल्ला, "वैनी, अजून एकदा!" इकडं सासू तोंडाला पदर लावून हसायला लागली.

फॉर्म साडेबाराला गेला. नणंद टेंपो पकडून पळाली.

संध्याकाळी हे घरी आले, रिकामा डबा हातात दिला नि म्हणाले, "बदल तो पासवर्ड. सगळ्या कारखान्याला म्हाईत झालाय." पण म्हणताना हसू दाबत होते. धुवायला डबा उघडला तर आत कागद घडी घालून ठेवलेला.

अजून बदलला नाय मी. तुमी बदलला असता का?