संध्याकाळचे खंदारे सर

गोरेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा हिंगोली अजून वेगळा जिल्हा झाला नव्हता. सगळ्या सरकारी कामांना परभणीची वाट धरावी लागे. सेनगावच्या जीपमधून लोखंडी पेटीसकट उतरले आणि शाळा कुठं म्हणून कुणाला विचारणार, तोच एका उंच गृहस्थांनी माझी पेटी आपल्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवली. "तुमी नव्या बाई व्हय? मी खंदारे. गणित शिकवतो." वाटेत त्यांनी शाळेची ओळख करून दिली ती अशी : "खडू कमी हायेत, छप्पर गळतं, पण लेकरं लई हुशार हायेत. तक्रार करायची असंल तर पहिल्या दोन गोष्टींची करा." पहिल्याच आठवड्यात मी तिन्ही गोष्टींची तक्रार केली. सर हसले. माझं डोकं लवकर तापतं हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, कारण मला थंड करण्याचं काम त्यांनी पुढं कायमचं अंगावर घेतलं.

गावात मला खोली मिळेपर्यंत सरांच्या पत्नी सुशीलावहिनी यांनी आपल्या दोन खोल्यांतली एक मला देऊन टाकली आणि सर ओसरीवर झोपू लागले. मी संकोचले, तर म्हणाले, "ओसरीवर वारं चांगलं लागतं, बाई. तुमी आल्या म्हणून मला निमित्त घावलं." महिना डिसेंबरचा होता.

आदरणीय प्रल्हाद खंदारे सरांना आज साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या अध्यापनाबद्दल या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलंच असेल. कंपास न वापरता ते फळ्यावर वर्तुळ काढत आणि मुलं ते दोरीनं मोजून बघत. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा संध्याकाळचा वर्ग. दहावीच्या मुली गणितात नापास होतात आणि मग त्यांची लग्नं लावून टाकतात, हे सरांना सहन होत नसे. शाळा सुटल्यावर ते त्यांना शिकवत आणि वाडीवरच्या मुलींना स्वतः घरापर्यंत सोडून येत. शाळेच्या रस्त्यावर दारूचं दुकान होतं, तेही त्यांनी गावातल्या बायांना बरोबर घेऊन, तहसीलला खेटे घालून हलवलं. ते काही जणांना फार झोंबलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं असताना एका संध्याकाळी सरांनी फळ्यावर एक रेषा काढली आणि मागं सरून तिच्याकडं बघत राहिले. मग समोरच्या मुलीला म्हणाले, "दुसरी रेषा कुणी काढली गं?" वर्ग हसला. सरही हसले. पण त्यांना खरोखरच दोन रेषा दिसत होत्या. पुढच्या काही आठवड्यांत समोरून येणाऱ्या बैलगाडीच्या दोन गाड्या होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी सायकल भिंतीला टेकवून ठेवली. एक डोळा झाकला की सगळं नीट दिसे, म्हणून ते डोळ्यावर रुमाल धरून शिकवत. दिवस कलला की उजवी पापणी खाली येई आणि बोलणं गेंगाणं होई.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. हिंगोलीला चष्मा मिळाला. नांदेडला तो चष्मा चूक म्हणून दुसरा मिळाला. तिसऱ्या ठिकाणी, "मास्तर, तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असा सल्ला मिळाला. प्रत्येक वेळी डोळे तपासले जात आणि प्रत्येक वेळी ते ठणठणीत निघत. परत आलं की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दोन रेषा.

आपल्याकडं डॉक्टरकडं जाणं म्हणजे पाहुण्यांकडं जाण्यासारखंच असतं. सुशीलावहिनी आदल्या दिवशी सरांना रजा टाकायला लावत. वाचायचं नाही, बोलायचं नाही, डोक्याला तेल लावून नुसतं पडून राहायचं. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा सदरा, आणि धूळ जाऊ नये म्हणून पूर्ण प्रवासभर डोळ्यांवर ओला पंचा. माणूस आजारी आहे म्हणून त्याला जपून न्यायचं, यात कुणाला काय वावगं वाटणार? मीसुद्धा दोनदा पंचा भिजवून दिला होता.

इकडं गावानं आपलं निदान करून टाकलं होतं. संध्याकाळी डोळे मिटतात, जीभ जड होते, पाऊल चुकतं, म्हणजे मास्तर घेतात. दुकान हलवलं ते काहून, तर घरी आणून निवांत प्यायला! मी हे ऐकलं आणि चावडीवर जाऊन चार शब्द सुनावायला निघाले. सरांनी अडवलं. "जाऊ द्या बाई. ज्या दुखण्याचं नाव आपल्यालाच सांगता येईना, त्याला ते दुसरं काय नाव देतील?"

पण एके दिवशी किसनराव आले. त्यांची लेक कविता ही वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी. दारातच उभं राहून म्हणाले, "सर, पोरीला उद्यापासून संध्याकाळी धाडणार न्हाई."

"काहून?"

"लोक बोलून राहिलेत."

मला वाटलं, आता तरी सर चिडतील. ते म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पोरीच्या बापानं इचार करायलाच पाहिजे." आणि मग, "सकाळी धाडाल? उजेडात? शाळेआधी?" किसनरावांनी होकाराची मान डोलावली.

वर्ग सकाळी भरू लागला आणि त्या वर्गात सरांना एकदाही दोन दिसले नाहीत. दोन आठवड्यांनी ते प्रयोगशाळेत माझ्यापुढं येऊन बसले. "बाई, आपण गणित उलटं मांडून राहिलो. मी थकलो की दुखणं येतं, आणि डॉक्टरकडं मी जातो आराम करून. दुखणं घरीच राहतं, मी एकटाच नांदेडला जाऊन येतो!"

त्या शनिवारी सकाळची शाळा त्यांनी पूर्ण शिकवली, एकही तास बसून नाही. दुपारी आम्ही तिघं हिंगोलीला आलो आणि नांदेडची एसटी धरली. वहिनींनी सवयीनं पंचा काढला, तो सरांनी परत पिशवीत ठेवायला लावला आणि वर्तमानपत्र उघडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बातम्या संपल्या, बाजारभाव झाले, वधू-वर झाले. कळमनुरीला चढलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हळदीचा भाव पुन्हा वाचायला लावला. अर्ध्या वाटेत सरांचा आवाज नाकातून येऊ लागला. वहिनी पदराआड डोळे पुसत होत्या. मी मात्र, खोटं कशाला सांगू, आनंदले होते. दुखणं या वेळी आमच्याबरोबर आलं होतं!

डोळ्यांच्या नव्हे, मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरांकडं जायचं, हे मी शहाण्या माणसांना विचारून ठेवलं होतं. हे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी सरांना फक्त छताकडं बघत राहायला सांगितलं. हळूहळू दोन्ही पापण्या खाली आल्या, उजवी आधी. डॉक्टरांनी दंडात एक इंजेक्शन दिलं आणि आम्हाला चहा पिऊन घ्या म्हणाले. चहा कुणालाच गेला नाही. काही वेळानं वहिनींनी माझा हात घट्ट धरला. सरांच्या पापण्या वर गेल्या होत्या. इतक्या महिन्यांनी, संध्याकाळच्या वेळी, सर दोन्ही डोळ्यांनी बघत होते.

"मी किती दिसून राहिले?" वहिनींनी विचारलं.

"एकच. तीच पुरी हाय."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मायस्थेनिया. नसांनी धाडलेला निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून वापरलेला स्नायू लवकर दमतो, डोळ्यांचे आधी. गोळ्या रोज घ्याव्या लागतील. काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. आयुष्यभर गोळ्या, नोकरी, वय, विचारण्यासारखं खूप होतं. सर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे दारूनं होत न्हाई ना?"

डॉक्टर हसायला लागले आणि सरांचा चेहरा बघून थांबले. "नाही, मास्तर. अजिबात नाही." तेव्हा खंदारे सर रडले. गावाचं बोलणं त्यांना किती लागलं होतं, हे वहिनींनासुद्धा त्या दिवशी कळलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर सरांनी सगळ्या शाळेला तो आजार फळ्यावर समजावून सांगितला. आठवड्यानं संध्याकाळचा वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्या दिवशी किसनराव कविताबरोबर आले, शेवटच्या बाकावर बसले आणि वर्ग सुटेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाच्या मुलीलाही धाडलं. सरांनी त्यांना कधी एक शब्द विचारला नाही. मी विचारला असता.

आजार पूर्ण गेलेला नाही. गोळ्या चालू आहेत, दगदग झाली की पापणी आजही उतरते. पण आता वसमत-कळमनुरीकडून कुणी ना कुणी सरांच्या ओसरीवर येतं. कुणाला दोन दिसतात, कुणाला घास गिळता येत नाही. प्रत्येकाला हा आजार नसतो आणि सर कुणाला औषध सांगत नाहीत. एवढंच सांगतात, "तकलीफ जवा होते, तवाच दाखवा. नटूनथटून जाऊ नका."

सर, तुम्ही शंभरी गाठा, वहिनींच्या हातचं खात गाठा, आणि माझं डोकं तापेल तेव्हा मला अडवायला जवळ असा. गोळ्या वेळेवर घ्या. आणि संध्याकाळी दमलात, तर दारातच खुर्ची टाकून खुशाल डोळे मिटून बसा. येणारेजाणारे आता आपला आवाज खाली करून पुढं जातात.