मांडी दुखते काय?

भद्रावतीच्या स्टँडाजवळ एक मेडिकलवाला आहे. गोळ्यांची पट्टी आधी कपाळाला लावतो, मग हातात देतो. सगळं दोनदा बोलतो. "उपाशीपोटी, भाऊ, उपाशीपोटी."

हाडं ठिसूळ झाली म्हणून माझी बायको दर रविवारी एक गोळी घ्यायची. आठ वर्षं घेतली. डॉक्टरकडे आम्ही परत गेलोच नाही. गोळी मी या मेडिकलवाल्याकडूनच आणायचो. एकदा गिऱ्हाइकांसमोर त्यानं मले विचारलं, "बाईची मांडी दुखते काय, भाऊ? मांडी?"

मी भडकलो. "माह्या बायकोच्या मांडीशी तुले काय करायचं आहे बे?"

लोक हसले. तो खाली मान घालून म्हणाला, "लय वर्षं ही गोळी चालली तं कोणाकोणाचं मांडीचं हाड मोडते. आधी दुखते. डॉक्टरले विचारा, भाऊ, विचारा."

मी विचारलं नाही. दुसऱ्या दुकानातून गोळी आणली. तिची मांडी दुखतच होती. मी तेल चोळत होतो.

एका सकाळी ती चुलीपासून उठली आणि उभ्या उभ्या मांडीचं हाड मोडलं. मग खाटेवरून उठलीच नाही. गेली.

आता माझ्या बीपीच्या गोळ्या मी त्याच्याकडूनच घेतो. "मी सांगितलं होतं," असं तो एकदाही म्हणाला नाही. पण तो प्रश्न आता हळूच विचारतो. ते माझ्यामुळं.

परवा बायकोसाठी तीच गोळी घ्यायला आलेल्या एका माणसाला त्यानं विचारलं, तर त्याला ऐकूच आलं नाही. मी दुकानासमोरच्या बाकावरून ओरडलो, "तुह्या बायकोची मांडी दुखते काय, विचारून राह्यला तो! सांग त्याले!"