नॉरिसचा उसना सूर

इंग्लंडातल्या मोरकंब गावी समुद्रधक्क्यावरच्या थिएटरात त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी नॉरिस हॅल्सॉल जीव मुठीत धरून स्टेजवर चढायचा, आणि समोरचे लोक खुशीत टाळ्या पिटायचे. कोळंबी धरणाऱ्याचा हा मुलगा 'टिन लँटर्न्स' बँडचा गायक. सात वर्षांपूर्वी त्यांचं 'कम डाउन, डोरीन' देशभर गाजलं होतं. इतकं, की न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला माणूसही शेवटचं 'डोरीन' टिपेला नेऊन ओरडायचा आणि कान कापून घ्यायचा.

गंमत अशी, की टिपेचा तो सूर नॉरिसने कधी लावलाच नव्हता. लंडनच्या स्टुडिओत पोरं आपल्या झेपेल त्या पट्टीत गायली. तिथल्या साहेबाला गाणं पेंगुळलेलं वाटलं. त्याने टेप जरा जोरात फिरवली, आणि गाण्यासकट सगळ्यांचे आवाज वर चढले. रेकॉर्ड निघाली, पोरं हवेत. एकट्या बेरिलने नाक मुरडलं. तिचं नॉरिसशी लग्न ठरलेलं; दोघं एकाच शेडमध्ये कोळंबी सोलत वाढलेले, त्याचं गाणं तिने तिथेच ऐकलेलं.

"हा तू नव्हेस," ती म्हणाली. "तुझा धाकटा भाऊ वाटतोय कुणीतरी."

पण लोकांना रेकॉर्डवरचाच सूर हवा होता. मग नॉरिस तो ओढूनताणून लावायला शिकला, आणि सात वर्षं लावत राहिला. या उन्हाळ्यात तोंड धुताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. लँकेस्टरच्या डॉक्टरने घशात आरसा घालून पाहिलं आणि स्पष्टच सांगितलं, "गाणं आजपासून बंद. काही महिने बोलणंही. नाहीतर बायकोला हाकसुद्धा मारता येणार नाही."

नॉरिसने हे घरी सांगितलं नाही. बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या लेनला फक्त म्हणाला, "आज गाणं जरा खाली घेऊ. घसा धरलाय."

"घे की. एवढ्यात म्हातारा झालास होय रे?"

घेतलं खाली. पुढच्याच रांगेत ओल्डहॅमच्या गिरणीतल्या बाया सुट्टीला आल्या होत्या. त्यांतली एक ताडकन उठली. "अगं बायांनो, हे खरे नव्हेतच! खऱ्यांचा आवाज कुठे असा जड होता? नकली माणसं उभी केलीत आपल्यापुढे!"

तिचं तरी काय चुकलं? तेव्हा गाजलेल्या बँडांची नावं लावून भलतीच टोळकी गावोगाव हिंडत होती. थिएटरभर 'नकली, नकली' सुरू झालं आणि कुणीतरी व्हिनेगर मारलेल्या चिप्सचा पुडा फेकला. नॉरिसने कॉलरवरचं व्हिनेगर पुसलं. स्वतःच्या खऱ्या आवाजात गायल्याबद्दल त्याला लबाड ठरवलं होतं.

पडदा पडल्यावर थिएटरचा मॅनेजर ग्रिमशॉ आत आला. "उद्या रेकॉर्डवर आहे तस्सं व्हायला पाहिजे. नाहीतर परवापासून इथे कुत्र्यांचा खेळ लावतो. कुत्री निदान तक्रार तरी करत नाहीत."

लेनने नॉरिसचा दंड धरला. "सीझन संपेपर्यंत कसंही रेट गड्या. माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत रे."

डॉक्टरचे शब्द नॉरिसच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. लेनच्या बाळाचं निमित्त सोयीचं होतं, एवढंच. खरी भीती वेगळी होती. तो सूर गेला की आपण पुन्हा शेडमधला नॉरिस, आणि गावाने येता-जाता हळहळायचं, हे त्याला सोसणार नव्हतं. काय म्हणावं या माणसाला! जगात नसलेल्या एका डोरीनपायी गळा द्यायला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी निघताना तो स्वयंपाकघराच्या दारात रेंगाळला. बेरिल टेबलावर कोळंबी सोलत बसली होती.

"बेरिल."

"काय?"

"काही नाही."

"मग हाका कशाला मारतोयस? हात बरबटलेत माझे."

"बेरिल," तो पुन्हा म्हणाला.

"जा बाबा आता. उशीर होतोय."

त्या संध्याकाळी सूर लागला. अगदी रेकॉर्डवरच्यासारखा. गिरणीतल्या बाया खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. घशात काहीतरी टरकन फाटलेलं नॉरिसला कळलं. लोक 'आणखी एकदा' म्हणून ओरडत होते. त्याने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली.

महिने लोटले तरी आवाज आला नाही. डॉक्टरकडून खरं काय ते कळलं तेव्हा बेरिलने टेबलावर मूठ आपटली. "मला विचारायचंस तरी मूर्खा! मला काय ती डोरीन हवी होती?" मग ओट्याकडे तोंड करून ढसाढसा रडली. रेडिओवर ते गाणं लागलं की रेडिओचा कान पिळून तो बंद करायची. "हा कोण पोरगा आमच्या घरात ओरडतोय?"

एका दुपारी सोलता सोलता ती एकदम उठली. हात धुतले, कपाटातून रेकॉर्ड काढली आणि लावली. फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर तिने बोट टेकवलं, कोळंबीचं मांस न तुटता कवच सुटावं इतकं हलकं. गाणं रेंगाळलं, खाली उतरलं, जरा जास्तच उतरलं. तिने बोट किंचित उचललं. आणि खोलीत नॉरिस गायला लागला. शेडमधला, जड आवाजाचा, तिचा.

"हा," ती डोळे मिटून म्हणाली. "हा माझा."

मागे खुर्चीत बसलेल्या नॉरिसने तिला हाक मारली. ओठ हलले, मान ताणली गेली, शीर फुगली. त्याने पुन्हा मारली.

बेरिल पाठमोरी उभी होती. रेकॉर्डवरचं बोट सांभाळत ती ऐकत राहिली.