समोरच्या काकांचे तीन देश आणि मंदाची मुलाखत

बाळांनो, माणसांना कामाला कसं लावायचं याबद्दल जगात जेवढं म्हणून शिकवलं जातं, ते सगळं कर्वेनगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतं. हे समोरचे काका हडपसरच्या एका कारखान्यात ट्रेनिंग मॅनेजर होते. कंपनीने त्यांना जपान, जर्मनी आणि अमेरिकेला पाठवलं आणि तिन्ही देश त्यांच्याबरोबर परत आले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते जपानी असतात. सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय ज्येष्ठाने तोंड उघडायचं नाही म्हणे. आता पुण्यात सगळ्यांचं बोलून होतं कधी? त्यामुळे काकांचं मत आजवर कुणालाच कळलेलं नाही. प्लंबर आला की ते जर्मन. नळाला हात लावण्याआधी त्याला कामाचा लेखी क्रम वाचायला लावतात. एकदा तो चौथ्या पायरीपर्यंत पोचला आणि पाणी माझ्या उंबऱ्यापर्यंत. कौतुक मात्र अमेरिकन. माझ्या फसलेल्या सुरळीच्या वड्या खाऊन म्हणाले, "वहिनी, धाडस अप्रतिम. आता आकारावर काम करू." मी बशी उचलून आत नेली.

तर यंदा आमच्या दोन्ही घरी काम करणाऱ्या मंदाला एका आयटी पार्कच्या कँटीनमध्ये सुपरवायझरच्या जागेसाठी बोलावणं आलं. बारा बायकांकडून काम करून घ्यायचं, आणि दिवसभर घरोघरचे जिने चढणं बंद. तिचे गुडघे पार गेलेत, तेव्हा ही जागा तिला हवीच होती. काकांना तर हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. मुलाखतीची तयारी त्यांनीच अंगावर घेतली आणि पंधरा दिवस माझ्या दिवाणखान्याचा विमानतळ झाला होता. सोमवारी मंदा जपानी पद्धतीने कमरेत वाकली ती गुडघा धरून तशीच राहिली. दोघांनी मिळून तिला सरळ केलं. बुधवारी जर्मनी. ती पाच मिनिटं लवकर आली म्हणून काकांनी तिला नऊच्या ठोक्यापर्यंत जिन्यात उभं केलं. शुक्रवारी अमेरिकेत साहेबाला नुसत्या नावाने हाक मारायची होती. मंदाने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाली, "काका, मला परत जपानला न्या." हसून हसून माझा चष्मा पडला.

मुलाखतीत तिला विचारलं, हाताखालची बाई उशिरा आली तर काय कराल? मंदा तिन्ही देश विसरली. आधी तिला चहा देईन, घरी कुणी आजारी आहे का विचारीन, मग बोलायचं ते बोलेन, असं सांगून मोकळी झाली. जागा मिळाली.

ती पेढे घेऊन आली तेव्हा काका वही उघडून तयारच होते. "मंदाबाई, ही कुठल्या देशाची पद्धत?"

"तुमच्याच घरची, काका. मी पहिल्यांदा उशिरा आले तेव्हा तुम्ही घड्याळ दाखवलंत आणि काकूंनी चहा दिला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, ती चहामुळे."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. काकांनी वही मिटून ठेवली. लिहिलं काहीच नाही.

आता त्यांच्याकडे नवी बाई येते, तीही उशिरा. त्यांचं दार उघडं असतं, म्हणून मला दिसतं. काका घड्याळ न दाखवता दोन कप मांडतात आणि तिला घरची खुशाली विचारतात. चहा अगदी पाणचट होतो, असं तिने मला सांगितलंय. मी ते त्यांना सांगणार नाही.