कव्हरला पाडलेली दोन भोके

४ मार्च. घरात माणसे दोन. त्यांपैकी बोलू शकणारे एक.

ते एक म्हणजे ग्रंथालयातून निवृत्त झालेले बाइंडर. दुसऱ्या त्यांच्या पत्नी. त्यांनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. वर्षभरापूर्वी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सारे होते. शब्द तेवढा ओठांपर्यंत येऊन अडे. वाचा-उपचार करणाऱ्या बाई संगणकाच्या पडद्यावरून त्यांचा तास घेत. बाईंच्या ओठांची हालचाल मोबाइलवर नीट दिसत नसे, म्हणून मोठा संगणकच हवा होता, आणि नेमके त्याचेच वाय-फाय मध्येच तुटे.

शब्द शोधायला आजारी माणसाला जो अवकाश लागतो तो त्याचा हक्क असतो, कुणाची मेहेरबानी नव्हे. या घरात तो हक्क संगणकात बसवलेल्या एका तळहाताएवढ्या वाय-फाय कार्डाच्या लहरीवर टांगलेला होता. शेजारी बसलेले बाइंडर धास्तीने म्हणत, "अगं, लवकर म्हण, आत्ता जाईल ते!" आणि ओठांवर आलेले अक्षरही विरून जाई.

त्या दिवशीचा तासही तसाच तुटला. बाईंनी मग फोनच केला. "काका, असं किती दिवस चालायचं? यांची प्रगती होत नाहीये. पुढच्या आठवड्यात सुधारलं नाही, तर ही वेळ मला दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

बाइंडरांनी परगावी असलेल्या मुलीला फोन लावला.

"बाबा, राउटर बंद-चालू केलात?"

"इतक्यांदा केला, की तो आता मला नावानं ओळखतो."

"मोबाइल कॉम्प्युटरशेजारी ठेवा. रेंज येते?"

"फुल्ल."

"म्हणजे राउटर बिचारा निर्दोष आहे. कार्डाचं सॉफ्टवेअर, तो ड्रायव्हर?"

"तू सांगितलास तसा नवा टाकला. कार्ड काढून पुन्हा घट्टही बसवलं."

"मग मागे बघा. कार्डाला दोन काळ्या दांड्या असतील. अँटेना."

"त्या होय? त्या कपाटात आहेत."

"कपाटात?"

"हरवू नयेत म्हणून. त्यांच्यामुळे कव्हर बसत नव्हतं."

मुलीने कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनवरही ऐकू आला. "धन्य आहात! त्यांच्याशिवाय कार्ड बहिरं होतं, बाबा. जवळजवळ."

उघडे राहिलेले काहीही टिकत नाही, ही बाइंडरांची व्यवसायातून आलेली श्रद्धा होती. त्यांच्याच हट्टापायी पत्नीने संगणकाला जाड सुती कव्हर शिवले होते, कडांना निळी पट्टी लावून. ते पुरे झाले आणि त्याच आठवड्यात त्या आजारी पडल्या.

अँटेना फिरवून बसवताच पडद्यावरच्या साऱ्या रेघा भरल्या. बाइंडरांनी कव्हराची घडी घातली आणि ते कपाटाकडे निघाले. पत्नीने मानेने नकार दिला. डाव्या हाताने त्यांनी शिवणाच्या डब्यातून कात्री काढली.

"अगं, नको. तुझ्या हातचं हे शेवटचं..." पत्नी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कव्हर ओढून घेतले, अँटेनांची जागा बोटाने चाचपली आणि खडूने खूण केली. बाइंडरांनी कापड ताणून धरले. कात्री उजव्या हाताची होती. डाव्या हातात ती सारखी घसरत होती. भोके वेडीवाकडी पडली.

"कडा उसवतील गं," ते हळूच म्हणाले.

पत्नीचे ओठ हलू लागले. आता मध्येच तुटण्यासारखे काही नव्हते. बाइंडर कापड धरून बसून राहिले. लवकर म्हण, असे म्हणाले नाहीत.

"उ... उसवू... दे."

पुढचा तास एकदाही तुटला नाही, आणि बाईंनी ती वेळ बाइंडरांच्या पत्नीसाठीच ठेवली. कव्हर संगणकावर आहे. एक कड खरोखरच उसवली आहे.

इतके महिने केलेल्या घाईबद्दल बाइंडरांनी पत्नीची क्षमा मागितलेली नाही. ते देणे अजून बाकी आहे.